विज्ञानानंतर पर्यावरण पत्रकारिता: समजावून सांगणे पुरेसे आहे का?

वाचकाचा प्रश्न: रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलेल्या एका तरुणीचे पत्र आले आहे. पाण्यातील जड धातू हा तिच्या प्रबंधाचा विषय होता आणि आता तिला पीएचडीसाठी जागाही मिळाली आहे. मात्र तिला पर्यावरण पत्रकार व्हायचे आहे. प्रदूषणाच्या बातम्यांत विज्ञान चुकीचे मांडले जाते, ते बरोबर आणि सोप्या भाषेत लोकांपर्यंत पोहोचवणे हे आपले काम आहे, असे ती लिहिते. सूक्ष्म प्लास्टिकवरचा तिचा एक लेख संपादकांनी ‘माहिती चांगली आहे, पण यात बातमी कुठे आहे?’ असे विचारून परत पाठवला. इतके शिकून पत्रकारितेत जाणे म्हणजे शिक्षण वाया घालवणे, असे तिच्या मार्गदर्शकांचे मत आहे. पीएचडी नाकारावी का, पत्रकारितेची वेगळी पदवी घ्यावी का, ज्या विषयाबद्दल इतकी तळमळ आहे त्यावर निःपक्षपातीपणे लिहिता येईल का आणि या कामावर पोट भरेल का, असे तिचे चार प्रश्न आहेत.

उत्तर:

तुमचे चारही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या मुळाशी एक गृहीतक आहे आणि आधी त्याकडेच पाहणे मला आवश्यक वाटते. शास्त्रज्ञांना जे कळले आहे ते सर्वसामान्यांना कळेल अशा भाषेत सांगणे म्हणजे पर्यावरण पत्रकारिता, असे तुम्ही धरून चालला आहात. ते काम मोलाचे आहे आणि त्यासाठी संशोधनसंस्था, विद्यापीठे आणि संग्रहालये माणसे नेमतात. तेच तुम्हाला मनापासून करायचे असेल तर विज्ञानसंवादक व्हा. त्यात कमीपणा काहीच नाही. पत्रकाराचे काम मात्र तिथून पुढे सुरू होते. एखादी गोष्ट कोणाला माहीत होती, केव्हापासून माहीत होती, माहीत असूनही निर्णय कोणी घेतला किंवा टाळला, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे शोधून काढणे हा त्या कामाचा गाभा आहे. समजावून सांगणे हा त्यातला एक आवश्यक पण लहान भाग आहे.

मिनामाताचे उदाहरण घ्या. जपानमधील या किनारी शहरात १ मे १९५६ रोजी मज्जासंस्थेच्या एका अनोळखी आजाराची अधिकृत नोंद झाली. जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पारा हे त्याचे कारण असल्याचे मांडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, तिथे रासायनिक कारखाना चालवणाऱ्या चिस्सो कंपनीच्याच रुग्णालयातील डॉ. हाजिमे होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी ज्या मांजराच्या अन्नात मिसळले होते, त्या मांजरात तीच लक्षणे दिसली. कंपनीने हा निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याच्या संयुगामुळे हा आजार होतो हे जपान सरकारने अधिकृतपणे मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे पाऱ्याचा वापर असलेली उत्पादनप्रक्रिया कंपनीने स्वतःच बंद केल्यानंतर काही महिन्यांनी. मधल्या नऊ वर्षांत लोक आजारी पडत राहिले. त्या काळात मिथाइल पारा, म्हणजे तोच सेंद्रिय पारा, शरीरात कसा साठतो हे सोप्या भाषेत समजावणारे कोणी नव्हते, ही खरी उणीव होती का? मला तसे वाटत नाही. कारखान्याच्या आत काय माहीत झाले आहे हे बाहेर आणणाऱ्या माणसाची उणीव होती, आणि तो माणूस रसायनशास्त्र जाणणारा असता तर कोणत्या दाराशी उभे राहायचे हे त्याला लवकर कळले असते.

तुमच्या प्रबंधाच्या अगदी जवळचे उदाहरण अमेरिकेतील फ्लिंट शहराचे आहे. एप्रिल २०१४ मध्ये या शहराने पाण्याचा स्रोत बदलून नदीचे पाणी घ्यायला सुरुवात केली आणि त्यात गंजरोधक रसायन मिसळले नाही. परिणामी जुन्या जलवाहिन्यांतील शिसे पाण्यात उतरू लागले. पाणी नियमांत बसते, असे अधिकारी दीर्घकाळ सांगत राहिले. आता प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाच्या नजरेने पाहा. रहिवाशांना नमुना घेण्याच्या आदल्या रात्री नळ काही मिनिटे वाहू द्यायला सांगितले जात होते, म्हणजे वाहिनीत साचलेले शिसे नमुन्यात येण्याआधीच बरेचसे वाहून जाण्याची सोय होती. २०१५ च्या पूर्वार्धातील चाचणीतून जास्त शिसे आढळलेले दोन नमुने वगळण्यात आले आणि त्यामुळे शहराचा आकडा दर अब्ज भागांमागे १५ या मर्यादेच्या खाली आला. केंद्रीय पर्यावरण यंत्रणेतील एका तज्ज्ञाने धोक्याची सूचना देणारे टिपण लिहिले होते. ते जुलै २०१५ मध्ये कर्ट गायेट या शोधपत्रकाराने प्रसिद्ध केले. नमुना कसा घेतला, किती घेतले, कोणते वगळले आणि का, हे प्रश्न तुम्ही तुमच्या प्रबंधासाठी रोज स्वतःला विचारत होतात. तेच प्रश्न आता दुसऱ्यांना विचारायचे आहेत. मार्गदर्शकांना तुमचे शिक्षण वाया जाईल असे वाटते, त्यांना हे उदाहरण जरूर सांगा.

विज्ञानाच्या शिक्षणाचे पत्रकारितेतील मोल तुमच्या डोक्यातल्या माहितीत फारसे नसते. माहिती जुनी होते, आणि पर्यावरणाची बातमी आज रसायनशास्त्राची असली तर उद्या जलविज्ञानाची आणि परवा विमा व्यवसायाची असते. मोल असते ते ‘हे तुम्ही कशावरून म्हणता?’ असे न संकोचता विचारण्याच्या सवयीत आणि मिळालेले उत्तर तपासता येण्यात. हवेतील पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांचेच पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची वार्षिक सरासरीची मार्गदर्शक पातळी दर घनमीटर १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली, तर २४ तासांच्या सरासरीची पातळी १५ ठरवली. एका दिवसाचे मोजमाप वार्षिक पातळीशी ताडून ‘मर्यादेच्या इतक्या पट’ असा मथळा देणे ही वारंवार दिसणारी चूक आहे. ती तुमच्या हातून होण्याची शक्यता कमी आहे, आणि ज्या वृत्तकक्षात तुम्ही असाल तिथे इतरांच्याही हातून ती कमी होईल.

याच शिक्षणाच्या काही सवयी मात्र आड येतील, आणि त्या तुमच्या लेखातही असाव्यात असा माझा अंदाज आहे. शोधनिबंधात आधी पार्श्वभूमी, मग पद्धत आणि शेवटी निष्कर्ष येतो. वृत्तलेखाच्या वाचकाला तिथवर थांबायचे कारण नसते. प्रत्येक विधानाला दोन-दोन पुस्त्या जोडण्याचीही आपल्याला सवय असते. अनिश्चितता लपवू नये, पण ती नेमकी सांगावी. हवामान बदलावरील आंतरसरकारी समिती आपल्या अहवालांत ‘शक्य’ आणि ‘अत्यंत शक्य’ यांसारख्या शब्दांना ठरावीक संभाव्यता जोडते, आणि ‘अत्यंत शक्य’ याचा अर्थ तिथे ९० टक्के किंवा अधिक असा असतो. ती शिस्त शिकण्यासारखी आहे. तिसरी सवय अधिक खोल आहे: छापील शोधनिबंधातील माणसावर आपला विश्वास पटकन बसतो आणि कामगार, मच्छीमार किंवा सफाई कर्मचारी यांचे सांगणे ‘केवळ ऐकीव’ वाटते. भोपाळमधील पत्रकार राजकुमार केसवानी रसायनशास्त्रज्ञ नव्हते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील धोक्याबद्दल ते १९८२ मध्येच एका लहान हिंदी साप्ताहिकातून लिहू लागले, डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीच्या दोन वर्षे आधी. त्या कारखान्यात काम करणाऱ्या त्यांच्या परिचिताचा विषारी वायूमुळे मृत्यू झाला होता आणि तिथून त्यांचा शोध सुरू झाला. लागणारे रसायनशास्त्र त्यांनी पुढे शिकून घेतले. तुमच्याकडे ते आधीच आहे. कारखान्याच्या फाटकापाशी पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या माणसाशी बोलायला मात्र शिकावे लागेल, आणि माझ्या मते ते अधिक अवघड आहे.

आता तुमच्या परत आलेल्या लेखाकडे वळू. सूक्ष्म प्लास्टिक म्हणजे काय, ते कुठे कुठे सापडले आहे आणि त्याच्या परिणामांबद्दल काय माहीत आहे, असा तो असावा. संपादकांचा प्रश्न योग्यच होता. त्याच विषयात बातमी कशी शोधायची ते सांगतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात येणाऱ्या सूक्ष्म प्लास्टिकपैकी बराच मोठा भाग पाण्याबरोबर पुढे जात नाही, तो तिथल्या गाळात अडकतो, आणि तो गाळ अनेक देशांत खत म्हणून शेतजमिनीत घातला जातो. एकच केंद्र निवडा. त्याचा गाळ कोण उचलतो, कोणत्या कराराने उचलतो, तो कुठे जातो, जाण्याआधी त्याची कोणती चाचणी होते आणि कोणती होत नाही, जमिनीच्या मालकाला काय सांगितले जाते? पाच-सहा माणसांशी बोलून आणि दोन-तीन दस्तऐवज मिळवून याची उत्तरे हाती आली तर संपादक तो प्रश्न पुन्हा विचारणार नाहीत. सूक्ष्म प्लास्टिक म्हणजे काय, हे त्या लेखात एका परिच्छेदात सांगून होईल.

असे दस्तऐवज वाचणे ही तुमच्यासारख्यांची खरी ताकद ठरू शकते. मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन करून घेण्याची पद्धत अमेरिकेत १९७० मध्ये अमलात आलेल्या कायद्यापासून जगभर पसरली आणि आज बहुतेक देशांत असे अहवाल तयार होतात. ते जाडजूड असतात आणि फार थोडे पत्रकार ते शेवटपर्यंत वाचतात. तुम्ही सारांश सोडून परिशिष्टांपासून सुरुवात करा. नमुने कोणत्या ऋतूत घेतले, किती ठिकाणी घेतले, प्रजातींची यादी त्या अधिवासाला साजेशी आहे की दुसऱ्याच अहवालातून उतरवलेली वाटते, प्रयोगशाळेच्या शोधमर्यादेखालील, म्हणजे उपकरणाला पकडता न येण्याइतकी कमी, मूल्ये ‘शून्य’ म्हणून दाखवली आहेत का, एवढे पाहिले तरी पुष्कळ हाती लागते. माहिती अधिकाराचा कायदा असलेल्या देशात अर्ज कसा करायचा हे पहिल्याच महिन्यात शिका. मोघम अर्जाला मोघम उत्तर मिळते, म्हणून ज्या चाचणीचा अहवाल हवा तिचे नाव आणि तारीख लिहा. उपग्रहचित्रेही हाताळायला शिका. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रे १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून ती विनामूल्य मिळतात; युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे दहा मीटरपर्यंतचा तपशील दाखवतात. एखादा जलाशय केव्हा आटला किंवा एखादे जंगल परवानगीच्या आधीच तुटले का, हे घरबसल्या ताडून पाहता येते. अर्थात त्यानंतर तिथे जाऊन पाहणे सुटत नाही.

पीएचडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पत्रकारितेची पूर्वतयारी म्हणून पीएचडी करू नका. त्यासाठी लागणारी चार-पाच वर्षे फार मोठी आहेत, आणि इतक्या अरुंद विषयात इतके खोल गेल्यावर बाहेर पडणे अधिक जड जाते. ज्या प्रश्नाचे उत्तर स्वतः शोधल्याशिवाय चैन पडणार नाही असा संशोधनाचा प्रश्न तुमच्याकडे असेल तर गोष्ट वेगळी. पण तुमच्या पत्रात मला असा प्रश्न दिसला नाही, तुम्हाला जागा मिळाली आहे एवढेच दिसले. तरीही लगेच नकार कळवू नका. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, हे लेखी विचारा. तशी सोय असेल तर ते वर्ष वृत्तकक्षात घालवा आणि मग ठरवा.

पत्रकारितेच्या पदवीचे उत्तर इतके सरळ नाही. चांगल्या अभ्यासक्रमातून बदनामीचा कायदा, मुलाखतीचे तंत्र, संपादकाच्या लेखणीखाली लिहिण्याची सवय आणि ओळखी मिळतात. पैकी पहिल्या तीन गोष्टी चांगल्या संपादकाच्या हाताखाली वर्षभर काम करूनही मिळतात. कर्ज काढून दोन वर्षांची पदवी घेण्याआधी वृत्तकक्षात शिकाऊ उमेदवारीची जागा शोधावी, असे मी सुचवेन. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यापुरते वृत्तसंस्थांत पाठवणारी अमेरिकन विज्ञान प्रगती संघटनेची पाठ्यवृत्ती १९७० च्या दशकापासून चालू आहे. तिथे शिकणाऱ्यांना ती उपयोगी पडते. इंटरन्यूज या माध्यमसंस्थेचे अर्थ जर्नलिझम नेटवर्क अनेक देशांतील पत्रकारांना पर्यावरणविषयक वृत्तांसाठी अनुदाने आणि प्रशिक्षण देते. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाची नाइट (Knight) विज्ञान पत्रकारिता पाठ्यवृत्ती काही वर्षांचा अनुभव असलेल्यांसाठी आहे, तिचा विचार पुढे करा. पदवी घेऊन उत्तम काम करणारेही आहेतच. लिसा साँग यांनी एमआयटीतून पर्यावरणविज्ञान आणि विज्ञानलेखन या दोन्हींचे शिक्षण घेतले. जुलै २०१० मध्ये मिशिगनमध्ये एक तेलवाहिनी फुटून ३० लाख लिटरहून अधिक तेल कालामाझू नदीपर्यंत पोहोचले. ते साधे कच्चे तेल नव्हते, पातळ केलेले बिटुमेन होते, म्हणजे द्रावक मिसळून वाहते केलेला डांबरासारखा जड पदार्थ. त्यातले हलके द्रावक उडून गेल्यावर जड भाग तळाशी बसला आणि पृष्ठभागावरून तेल गोळा करण्याच्या नेहमीच्या पद्धती अपुऱ्या पडल्या. इनसाइड क्लायमेट न्यूज या लहानशा संस्थेसाठी साँग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या घटनेचा आणि वाहिन्यांच्या सुरक्षा नियमांतील त्रुटींचा मागोवा घेतला, त्याला २०१३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. हे वृत्तांकन आवर्जून वाचा आणि त्यात रसायनशास्त्र नेमके किती आणि कुठे आले आहे ते पाहा.

पोट भरेल का, या प्रश्नावर खोटा धीर देणार नाही. या क्षेत्राला भरती-ओहोटी असते. सीएनएनने २००८ मध्ये आपला विज्ञान, तंत्रज्ञान आणि पर्यावरण विभाग बंद केला. कोलंबिया विद्यापीठाने पर्यावरण पत्रकारितेच्या दुहेरी पदवीचे प्रवेश २००९ मध्ये थांबवले आणि नोकऱ्यांची अवस्था हे कारण दिले. न्यूयॉर्क टाइम्सने २०१३ मध्ये पर्यावरणाचा स्वतंत्र कक्ष मोडला आणि २०१७ मध्ये हवामानासाठी पुन्हा वेगळा चमू उभा केला. म्हणून केवळ ‘पर्यावरण’ असे नाव असलेल्या जागेची वाट पाहत बसू नका. पालिका, न्यायालय, उद्योग किंवा आरोग्य यांपैकी कोणतेही क्षेत्र मिळाले तरी घ्या, कारण पर्यावरणाचे निर्णय अर्थसंकल्पाच्या एखाद्या ओळीत किंवा निविदेच्या अटीत होतात. स्वतंत्र पत्रकार म्हणून उतरणार असाल तर काही महिन्यांच्या खर्चाची तजवीज आधी करा. जोडीला भाषांतर, संपादन, अध्यापन ही कामे चालतील. मात्र ज्यांच्याबद्दल लिहायचे आहे त्यांचे प्रसिद्धीचे काम घेऊ नका.

तळमळ आणि निःपक्षपातीपणा यांबद्दल तुम्ही लिहिले आहे ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. दोन्ही बाजूंना सारखी जागा देणे म्हणजे निःपक्षपातीपणा, अशी समजूत पत्रकारितेत बराच काळ होती आणि तिने नुकसान केले. १९८८ ते २००२ या काळातील चार प्रमुख अमेरिकी वृत्तपत्रांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, तपासलेल्या बातम्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक बातम्यांनी जागतिक तापमानवाढीत माणसाचा वाटा आणि केवळ नैसर्गिक चढउतार या दोन मतांना जवळजवळ सारखे वजन दिले होते, जरी शास्त्रज्ञांचे एकमत पहिल्या बाजूला होते. तेव्हा पुरावा जिथे झुकतो तिथे तुमचा लेख झुकला तर त्यात पक्षपात नाही. तुम्हाला सांभाळायचे आहे ते वेगळेच. कारखान्याच्या अहवालाला जे प्रश्न विचाराल तेच प्रश्न आंदोलकांच्या पत्रकालाही विचारा: नमुने किती, कोणी घेतले, तुलना कशाशी? ज्या बाजूबद्दल आपुलकी आहे तिचा आकडा तपासायला आपण कमी वेळ देतो, हा अनुभव या क्षेत्रातील बहुतेकांना येतो. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला छापण्यापूर्वी, पुरेसा वेळ देऊन, नेमक्या प्रश्नांसह लेखी विचारा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती सांगायला हवी. वाळू, खाणी, लाकूड, कचरा यांच्यामागे मोठा पैसा असतो. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालानुसार २००९ ते २०२३ या काळात पर्यावरणाच्या प्रश्नांचा शोध घेणारे किमान ४४ पत्रकार मारले गेले. सुरुवातीच्या काळात अशा ठिकाणी एकट्याने जाऊ नका. कुठे आहात आणि केव्हा परतणार हे संपादकाला माहीत असू द्या. माहिती देणारा तुमच्यापेक्षा अधिक धोक्यात असतो, कारण तुम्ही परत येता आणि तो तिथेच राहतो. त्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि त्याने दिलेली मूळ फाइल कशी ठेवायची हे त्याला भेटण्याआधी ठरवा.

राहिला तुमच्या विद्यापीठाशी असलेला संबंध. तुमच्या मार्गदर्शकांच्या प्रयोगशाळेवर, तिला निधी देणाऱ्या कंपनीवर किंवा तुमच्या प्रबंधातील निष्कर्षांवर बातमी करण्याचा मोह पहिल्या काही महिन्यांत नक्की होईल, कारण तिथली माहिती तुमच्याकडे आयती आहे. ती बातमी स्वतः करू नका. विषय खरोखर महत्त्वाचा असेल तर संपादकांना तुमचा संबंध स्पष्ट सांगा आणि दुसऱ्या बातमीदाराकडे तो सोपवायला सांगा. याच मार्गदर्शकांना एखाद्या शोधनिबंधाची पद्धत समजून घेण्यासाठी मात्र निःसंकोच फोन करा, आणि त्यांचे मत छापणार असाल तर ते तुमचे मार्गदर्शक होते हे वाचकांनाही सांगा.